पावसाळी ताप आणि एक काळी खपली

पोळा जवळ आला, की यवतमाळ जिल्ह्यात धुऱ्यावरचे गवत कमरेइतके वाढते आणि घरोघरी तापाचे रुग्णही दिसू लागतात. ‘व्हायरल असेल, उतरेल’ म्हणून आपण थांबतो किंवा मागच्या आजारपणात उरलेले प्रतिजैविक आजोबांना देऊन मोकळे होतो. वाचकहो, या दोन्ही सवयी घातक ठरू शकतात.

विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. डेंग्यूसारख्या विषाणूजन्य तापात विश्रांती, पुरेसे पाणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल, हाच मुख्य आधार असतो. स्क्रब टायफस प्रारंभी तसाच भासतो. मात्र तो जिवाणूजन्य आहे. २०१८च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात त्याने अनेकांना गाठले आणि काहींचे प्राणही गेले. गवताझुडपांत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म जीवाच्या अळीच्या चाव्यातून हा जिवाणू शरीरात शिरतो. चावा जाणवतही नाही. ताप साधारण दहा दिवसांनी येतो. नाव जवळचे असले तरी हा टायफॉइड नव्हे.

या आजाराची मोठी खूण अंगावरच असते. उदबत्तीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. ती बहुधा दुखत नाही आणि काख, जांघ, कमरेची घडी, स्तनांखालची त्वचा अशा झाकल्या जागी लपते. म्हणून ज्येष्ठांचे अंग पुसताना काळजी घेणाऱ्याने त्यांचा संकोच जपून, पुरेशा उजेडात पाहावे. ती सर्वांनाच उमटत नाही. न दिसल्यास निर्धास्त राहू नये.

यावर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध गुणकारी आहे. वेळेत दिल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. पेनिसिलिन गटातील औषधे येथे निरुपयोगी ठरतात, आणि घरात उरलेली गोळी अनेकदा त्याच गटातील असते. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर आघात होतो.

डॉक्टरांनी ही गोळी दिल्यास ती बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी व लगेच आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेला जखम होऊ शकते. लोह, कॅल्शियम वा आम्लपित्ताचे औषध त्याच वेळी घेऊ नये. बरे वाटले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.

वार्धक्यात ताप फारसा चढतोच असे नाही. धाप, ग्लानी, असंबद्ध बोलणे किंवा लघवी कमी होणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत रुग्ण शेतात वा गवतात गेला होता का, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे.