लाकडी टेलिफोन : शोभा की साक्ष?

'जुने ते सोने' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत गिरवलेली आहे. पण कोणत्या जुन्याला सोन्याचा भाव द्यायचा आणि कोणत्या जुन्याला भंगाराचा, हे ठरवतो कोण? हा प्रश्न मला पडला तो एका टेलिफोनमुळे. पुणे-नाशिक रस्त्यावरील एका हॉटेलात बैलगाडीचे चाक, कंदील आणि पितळी हंडा यांच्या शेजारी भिंतीवर एक लाकडी टेलिफोन टांगलेला मी पाहिला. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. तो कसा चालत असे, असे मी विचारले, तेव्हा वाढणारा मुलगा हसून म्हणाला, "ताई, तो शोचा आहे."

असे फोन जमवण्याचा छंद आता बराच पसरला आहे. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे हौशी माणसे ते शोधत हिंडतात. छंद वाईट नाही. उलट, मुळातले हे यंत्र फार बोलके आहे. वर दोन घंटा, मधोमध बोलण्याचे नळकांडे, डाव्या बाजूला आकड्याला अडकवलेला ऐकण्याचा भाग आणि उजवीकडे फिरवण्याचा दांडा. त्याला नंबर फिरवण्याची तबकडी नाही. दांडा फिरवला की आतल्या चुंबकांमध्ये वेटोळे फिरून वीज तयार होई आणि एक्स्चेंजमध्ये बसलेल्या माणसाला इशारा मिळे. मग "अमुक नंबर द्या" असे त्याला सांगायचे. आपण बोलू लागलो की नळकांड्यामागचा पातळ पडदा थरथरे, त्यामागील कोळशाचे कण कमीजास्त दाबले जात आणि बॅटरीतून येणारा प्रवाह त्या तालावर कमीजास्त होई. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही एवढे मला समजले, कारण ते यंत्र उघडून पाहता येते. खिशातल्या मोबाईलचे तसे नाही.

पण बाजारात मिळणाऱ्या फोनांपैकी कितीतरी नवे बनवलेले असतात. बाहेर लाकूड आणि पितळ, आत अलीकडचे बटणांचे यंत्र, किंवा काहीच नाही! आणि अस्सल फोन हाती लागला तरी कित्येक जण त्याचे लाकूड घासून, झगझगीत पॉलिश देऊन टाकतात. वर्षानुवर्षे हात लागून गुळगुळीत झालेली जागा, झाकणाच्या आत चिकटवलेला तारांच्या जोडणीचा कागद, यांतच त्या वस्तूचा इतिहास असतो. आणि तोच आधी पुसला जातो. माझे स्पष्ट मत असे की, वस्तू कोणाची होती, कोठे होती आणि कशी चालत होती हे माहीत करून न घेता ती टांगणे म्हणजे संग्रह नव्हे. ती केवळ सजावट होय.

माझा दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. भिंतीवरचा हा लाकडी फोन होता तरी कोणाच्या भिंतीवर? मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ साली, म्हणजे बेल यांना पेटंट मिळाल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत. पण देश स्वतंत्र झाला तेव्हासुद्धा साऱ्या भारतात मिळून सुमारे ऐंशी हजारच टेलिफोन होते. ते कचेऱ्यांत, पेढ्यांवर आणि मोठ्या माणसांच्या घरी. अवसरी खुर्दच्या शेतकऱ्याच्या भिंतीवर तेव्हा कॅलेंडर होते, देवाची तसबीर होती, टेलिफोन नव्हता. म्हणजे लाकडी फोन पाहून "आपला जुना काळ" असे जे आपण सहज म्हणतो, तो काळ आपला नाहीच. तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

मग आपला टेलिफोन कोणता? तो दुसऱ्याच्या घरचा होता. त्याला 'पी. पी. नंबर' म्हणत. जुन्या लग्नपत्रिका काढून पाहा. नंबरापुढे कंसात ही दोन अक्षरे दिसतील. आमच्या आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ या भागांतून कितीतरी माणसे मुंबईला डबे पोचवण्याच्या कामावर गेली. माझे आजोबा त्यांतलेच. गावातल्या एका दुकानात फोन आल्यावर आजोबा रविवारी त्या नंबरावर फोन करीत आणि आजी दुकानाच्या पायरीवर वाट पाहत बसे. मी तिला विचारले, "काय बोलायचीस गं?" ती म्हणाली, "चार गिऱ्हाइकांसमोर नवऱ्याशी काय बोलणार? पाऊस पडला, म्हैस व्याली, पोरं बरी हायेत. येवढंच." मूल तापाने फणफणले असले तरी 'पोरं बरी हायेत' एवढेच! खरे बोलणे आजोबा दिवाळीला घरी येईपर्यंत मनात राही. टेलिफोनचा हा इतिहास कोणत्या संग्रहात आहे?

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगते. परदेशांशी बोलणे उपग्रहामार्फत व्हावे म्हणून भारताने उभारलेले पहिले भूकेंद्र आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली सुरू झाले. विक्रम साराभाई यांचे नाव त्याला पुढे देण्यात आले. सातासमुद्रापलीकडचे आवाज आमच्या पंचक्रोशीत आकाशातून उतरत होते आणि खेड्यातला माणूस मात्र मुंबईचा ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास ताटकळत होता! या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तरच त्या काळाचे चित्र पुरे होते.

कोणी म्हणेल, काळा डबडा फोन आणि एस.टी.डी.ची पिवळी पाटी, यांत जमवण्यासारखे काय आहे? त्यांना मी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवीन. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली ती कशाची? अडकित्ते, दिवे, फण्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली भांडी! लोक ज्यांना अडगळ म्हणत होते, त्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने उभा केलेला तो सारा संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज परदेशातून अभ्यासक तो पाहायला येतात. पुराणवस्तूंसंबंधीचा १९७२ चा केंद्रीय कायदा एखाद्या वस्तूला पुराणवस्तू मानण्यासाठी साधारणतः शंभर वर्षे थांबतो. भंगारवाला तेवढा थांबत नाही. तो दिवाळीच्या साफसफाईलाच दारात येतो.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्यासारखे अनेक जण या वर्गांत बसतात. आमच्या घरी जुनी कागदपत्रे नाहीत, वंशावळी नाहीत, दिवाणखाना तर नाहीच. इतिहासाच्या तासाला आम्ही दुसऱ्यांच्या वस्तूंविषयी वाचतो, आणि आमच्या घरातल्या वस्तू मात्र किलोच्या भावाने जातात. याला सर्वस्वी दुसरे कोणी जबाबदार आहे असे मला वाटत नाही. आपण स्वतःच त्यांना किंमत दिलेली नाही.

म्हणून प्राध्यापकवर्गास आणि मित्रमैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या ग्रंथालयात एक कपाट मोकळे करावे. त्यात लाकडी फोन मिळाला तर जरूर ठेवावा, पण त्याच्या शेजारी तबकडीचा काळा फोन, पी. पी. नंबर छापलेली लग्नपत्रिका, एस.टी.डी. बूथमधले पैशांचे छापील बिल आणि २०१३ साली बंद झालेल्या तारसेवेची एखादी तारही ठेवावी. प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड असावे : ही कोणाच्या घरची, हिच्यावरून कोण कोणाशी बोलले, काय बोलले. सुट्टीत प्रत्येकाने एकच वस्तू आणि एकच कार्ड आणले तरी कपाट भरेल. वस्तू पुढेमागे कोठेतरी मिळेलही. कार्डावरचा मजकूर मात्र आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडीच आहे. तो लिहून घ्यायला पैसे लागत नाहीत. वही-पेन घेऊन संध्याकाळी त्यांच्याजवळ बसावे लागते, इतकेच.