आधी गोटा, मग बैल

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आम्हां परतवाडेकरांना बहिरमच्या यात्रेचे वेध लागतात. डिसेंबरच्या विशीत ती भरते ती थेट जानेवारीअखेरपर्यंत चालते. बैतूलच्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, राहुट्यांचे गावच वसते. हंडीतले मटण आणि रोडगे यांची महती एका मास्तराने काय वर्णावी! माझ्या लहानपणी आम्ही तेथे बंडीतून जात असू.

गेल्या खेपेस मात्र आमच्या मेव्हण्यांनी पुण्याहून मोटारीमागे जोडून दोन चाकांची एक चिमुकली खोलीच आणली. आत दोन बाकडी, एक ओटा, खिडक्यांना पडदे! २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हे खूळ त्यांच्या डोक्यात होते. पडदे पाहताच सौ.ने जाहीर केले, "यंदा राहुटी नको."

सायंकाळी पोहोचलो. जागा सपाट दिसली. मेव्हणे पाणी आणायला गेले आणि खोली सोडवण्याचे काम मी अंगावर घेतले. खुर्चीवर बसलेल्या वडिलांनी विचारले, "चाकाले गोटा लावला काय रे?" गोटा म्हणजे आमच्याकडे दगड.

"बाबा, हिला ब्रेक आहे," मी एम. ए.च्या थाटात उत्तरलो आणि जोड उचलला.

खोली चालू लागली! ब्रेकचा दांडा मी ओढला होता, पण पुरता नव्हे. आणि सपाट दिसणाऱ्या जमिनीला नाल्याकडे उतार होता. मागे आमची धाकटी पाठमोरी सतरंजी अंथरीत होती. मी खोली धरायला गेलो, तर तिने मलाच ओढले. तोंडातून शब्द फुटेना. सुदैवाने मोटारीची साखळी काढायची राहिली होती. ती ताणली आणि हिसका देऊन खोली थांबली. पोरीची पाठ हातभर अंतरावर होती.

वडील रागावले नाहीत. चुलीसाठी आणलेल्या तीन गोट्यांतले दोन त्यांनी उचलले, उताराकडून चाकांखाली घट्ट बसवले आणि म्हणाले, "आधी गोटा लाव, मंग बैल सोड. बंडी असो का बंगला!"

मेव्हणे परतले, आणि खोली पुन्हा मोटारीला जोडून आम्ही श्रीगणेशा केला. नाल्यापासून दूर, वर वाळकी फांदी नाही अशी घट्ट जमीन निवडली. खोली एका अंगाला कलत होती, म्हणून खालच्या चाकाखाली फळी सरकवली. हे काम जोड सुटण्यापूर्वीच करायचे. मग दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड. पुढचे टेकणचाक काळ्या मातीत रुतू नये म्हणून त्याच्याखालीही फळी. त्यानंतर दिव्यांची तार, मग जोड, आणि साखळी सर्वांत शेवटी. चार कोपऱ्यांचे टेकू लागेपर्यंत आत कोणी चढायचे नाही. "मागच्या बाकावर मंडळी बसली तर खोली उलार होईल," वडील म्हणाले. बंडीत मागे भार झाला की धुरा वर जातो, तोच न्याय! मेव्हण्यांनी माना डोलावल्या. मात्र ते टेकू खोली उचलण्यासाठी नव्हेत, केवळ डुलू नये म्हणून, एवढी पुस्ती त्यांनी जोडली.

रात्री थंडी मी म्हणत होती. सौ. पेटती शेगडी आत घेऊन निघाली, तेव्हा मेव्हण्यांनी ती दारातच अडवली. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. बंद खोलीत झोपलेला माणूस झोपेतच जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून तळाशी असलेल्या झरोक्यातही थंडी अडवण्यासाठी चिंधी कोंबायची नाही. आम्ही गोधड्या ओढून झोपलो. मला झोप लागली नाही. मध्यरात्री बाहेर येऊन कंदिलाच्या उजेडात मी ते दगड पुन्हा एकदा पायाने दाबून पाहिले.

चुलीला एकच गोटा उरल्यामुळे त्या रात्री रोडगे उशिरा झाले, हे सांगायचे राहिलेच.

यंदाही जाणार आहोत. सामानाची यादी सौ. करीत असते, परंतु पहिली ओळ धाकटीने आपल्या अक्षरात लिहून ठेवली आहे : "गोटे चार. चुलीचे वेगळे."