फाइलच्या तारखा लायब्ररीनेच जपाव्यात
जालना विधानसभेची २०१४ ची निवडणूक आठवावी. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ च्या आत आले की नंतर, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणापर्यंत पोहोचला. याच वादातल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राची गरज अधोरेखित केली. निकालाचा रोख प्रमाणपत्रावर असला, तरी नोंद कधीची आहे यावर केवढे अवलंबून असते, हे त्यातून दिसले. अशा नोंदी फाइलींत राहतात. म्हणून त्यांच्या तारखा वाचण्याची आणि जपण्याची फंक्शने प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतच हवीत.

जावा १९९६ मध्ये आली. फाइलचा मालक, परवानग्या आणि निर्मितीची वेळ वाचण्याची नीट सोय मात्र तिच्यात २०११ च्या सातव्या आवृत्तीत झाली. तोवर फाइलची नक्कल करायचे फंक्शनसुद्धा नव्हते. प्रोग्रॅमर बाइट वाचून दुसरीकडे लिहीत. मजकूर जसाच्या तसा उतरे, पण नव्या फाइलवर त्या दिवसाची तारीख पडे. वर्षानुवर्षांचा दस्तऐवज असा हलवला, की सगळा एकाच दिवशी तयार झालेला दिसतो. पायथनचा दोष अधिक फसवा. फाइलच्या माहितीतला ‘सीटाइम’ विंडोजवर निर्मितीची वेळ सांगतो, तर लिनक्सवर फाइलच्या नोंदीतल्या शेवटच्या बदलाची. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने विंडोजवर लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्स सर्व्हरवर चुपचाप वेगळेच उत्तर देईल. विंडोजवरचा तो अर्थ कालबाह्य ठरवायला पायथनला २०२३ उजाडले.

ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या, मग सर्वांसाठी एक फंक्शन कसे देणार, हा आक्षेप खरा आहे. लिनक्सनेच निर्मितीची वेळ विचारायची ‘स्टॅटएक्स’ ही सोय २०१७ मध्ये दिली. पण म्हणून फंक्शनच न देणे हा उपाय नव्हे. रस्ट ही भाषा, माहिती उपलब्ध नसेल तिथे, तसे स्पष्ट कळवते. जावा मात्र अशा वेळी बहुधा शेवटच्या बदलाचीच तारीख निर्मितीची म्हणून देते, आणि ते मला अमान्य आहे. बाहेरची लायब्ररी वापरा म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे, की मग प्रत्येक कार्यालयात तारखेचा अर्थ वेगळा होतो.

तारीख बदलता येते, हा दुसरा आक्षेप. खरे आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, मागितला आहे. पण हॅश मजकूर बदलला का एवढेच सांगतो. फाइल केव्हाची, हे सांगत नाही.