‘पानशेतचा पूर’ या नावातला खोटेपणा

१/ १२ जुलै १९६१ हा दिवस पुण्याच्या स्मृतीत ‘पानशेतचा पूर’ म्हणून नोंदला गेला आहे. या नावातच सत्याचा अपलाप आहे. त्या दिवशी शहरात शिरले ते माणसाने अडवलेले पाणी होते. #धागा

२/ आंबी नदीवरील पानशेत धरणाचे काम तेव्हा अपुरे होते, तरीही भर पावसाळ्यात त्यात पाणी साठले. मातीचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो रात्रभर तोलून धरला. सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला आणि १८७९ चे ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. शनिवार, नारायण या नदीकाठच्या पेठांची धूळधाण झाली.

३/ ‘पूर’ म्हटले की दोष पावसाच्या माथी जातो. ‘धरणफुटी’ म्हटले की विचारावे लागते: अपुऱ्या धरणात पाणी का साठू दिले? घाई कोणाला होती?

४/ सहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे दगावली. तोवर दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित मानले जाई. परंतु १९६२ पासून जलाशय भरू लागला आणि त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले होते. सप्टेंबर १९६७ मध्ये तर मोठा धक्का बसला होता. जमिनीने इशारा दिला होता. गृहीतक मात्र बदलले नाही.

५/ ‘धरणाने भूकंप घडवला’ हेही अर्धसत्यच. खडकांतील ताण आधीचाच असतो. जलाशयाचा भार आणि भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब त्याला निमित्त ठरतो, असे बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात. कोयना धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले आणि पुढे त्याचे मजबुतीकरण झाले. हे श्रेय अभियंत्यांचे आहेच. तथापि ‘धरण टिकले’ या वाक्याने प्रश्न मिटत नाही. पाटण तालुका आजही धक्क्यांच्या सोबतीने जगतो.

६/ २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. राज्याच्या मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना! १९६१ मध्ये नदी, २०१९ मध्ये खेकडे. माणूस तेवढा निर्दोष.

७/ यावर ठरलेले उत्तर येते: हा विकासविरोध आहे. कोयनेची वीज आणि खडकवासल्याचे पाणी कोणीच नाकारत नाही. मागणी एवढीच आहे की धोक्याची माहिती धोक्यात राहणाऱ्याला मिळावी. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे. तो कार्यालयाच्या कपाटात राहिला, तर त्याचा उपयोग काय? धरण फुटल्यास पाणी किती वेळात कोणत्या आळीत पोहोचेल, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असले पाहिजे.

८/ भूकंप रोखता येत नाही. धरणाची गळती मात्र दिसते, मोजता येते आणि वेळीच बुजवताही येते. ती बुजवली नाही, तर पुढे जे घडते त्याला ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. इतिहासाच्या अभ्यासकांनी तरी यापुढे ‘पानशेतची धरणफुटी’ असेच लिहावे.