पसंतीक्रम दहा, एसटी एक

अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्याला लागू झाला. तोवर मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगरांपुरती असलेली ही पद्धत आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईलाही आली. पहिल्या वर्षाचा अनुभव पाहता आमचे मत स्पष्ट आहे. हेतू योग्य होता, पण माप शहराचे होते.

दहावीचा निकाल त्या वर्षी कधी नव्हे इतका लवकर, १३ मे रोजी लागला. पण २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची, त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. नोंदणीला २६ मे उजाडला. १० जूनला अपेक्षित असलेली पहिली गुणवत्ता यादी २८ जूनला हाती आली. निकालाच्या घाईने मिळालेले दिवस असे वाट पाहण्यातच गेले.

शहरात या पद्धतीने भले केले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. नामांकित महाविद्यालयांत वशिला आणि देणगी यांना तिने आळा घातला, आरक्षणाच्या जागा डोळ्यांसमोर आणल्या. जिथे एका जागेसाठी दहा जण उभे असतात, तिथे यादी हवीच.

वाईत प्रश्न वेगळा आहे. जोर, जांभळीच्या खोऱ्यातल्या मुलीला अर्जात दहा पसंतीक्रम भरता येतात. पण सकाळी गावातून निघणारी आणि संध्याकाळी घरी पोचवणारी एसटी ज्या महाविद्यालयाशी जुळते, तीच तिची पसंती. पूर्वी निकालाची प्रत आणि शाळेचा दाखला घेऊन वडिलांसोबत किसन वीर महाविद्यालयात यावे आणि त्याच दिवशी प्रवेश घेऊन परतावे, इतके हे काम सरळ होते. नव्या पद्धतीत आधी शंभर रुपये भरून नोंदणी, मग अर्जाचा भाग एक, भाग दोन, ओटीपी आणि यादीची वाट. घाटाखाली मोबाइलला रेंज नसेल, तर वाईच्या नेट कॅफेपर्यंत हेलपाटा. भातलावणीच्या दिवसांत एका हेलपाट्याला घरातल्या माणसाचा एक रोज जातो. त्यातून पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही मुदतीत प्रवेश निश्चित केला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांचे दार बंद. मुदत हुकण्याची चूक इतकी महाग का पडावी?

राज्यात दहावी उत्तीर्ण झाले सुमारे १४ लाख ५५ हजार, आणि अकरावीच्या जागा होत्या २० लाखांहून अधिक. जागा रिकाम्या राहणार हे उघड असताना ग्रामीण तालुक्यांना फेऱ्यांमागून फेऱ्यांत ताटकळत ठेवण्याचे कारण आम्हाला तरी सापडलेले नाही.

हा जिल्हा कर्मवीर भाऊराव पाटलांचा. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी शाळा गरिबाच्या पोरापर्यंत नेली. प्रवेशाची पद्धतही मुलाच्या दारापर्यंत जायला हवी.

शालेय शिक्षण विभागाला आमची विनंती आहे. ज्या तालुक्यांत जागा विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आहेत, तिथे महाविद्यालयात थेट प्रवेश द्या आणि त्याची नोंद महाविद्यालयाने ऑनलाइन करावी. आरक्षण आणि शुल्काची तपासणी त्या नोंदीवरून करता येईल. ऑनलाइनच ठेवायचे असेल, तर अर्ज मुलाच्या स्वतःच्या शाळेत, शिक्षकांसमोर भरला जावा. आणि हा निर्णय पुढच्या निकालाच्या आधी जाहीर व्हावा.