चवदार तळ्याची दहा वर्षं

२० मार्चला महाडमध्ये मुंगी शिरायला जागा उरत नाही. मुंबईहून, विदर्भातून, मराठवाड्यातून गाड्या भरभरून माणसं येतात. पुस्तकांचे ठेले लागतात, भीमगीतांचा आवाज टिपेला पोचतो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर एखादी आजी वाकते, ओंजळभर पाणी घेते आणि नातवाच्या ओठाला लावते. सावित्रीकाठचं हे गाव त्या दिवशी साऱ्या देशाचं असतं, आणि ते योग्यच आहे.

पण अस्पृश्यांना या तळ्याचं पाणी पिण्याचा हक्क एका दिवसात मिळालेला नाही. कागदावर तर तो १९२७ च्या आधीच होता. सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी तिथे पाऊल टाकायची अस्पृश्यांची प्राज्ञा नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं मात्र हाकेच्या अंतरावर!

अनंतराव चित्रे यांनी आभाराच्या भाषणात तळ्यावर जायचं सुचवलं आणि बाबासाहेब आंबेडकरांमागे शिस्तीत रांग निघाली. लोक पाणी प्यायले. थोड्याच वेळात, हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली. मंडपात जेवत असलेल्यांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत गेलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उगारू दिला नाही. त्यांच्यात पलटणीतून निवृत्त झालेले गडीही होते, म्हणून हा संयम फार मोठा.

पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ४ ऑगस्टला नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये लोक पुन्हा जमले, तोवर सवर्णांनी दावा लावून तळ्याबाबत कोर्टाचा मनाई हुकूम आणलेला होता. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान यांनी. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली गेली, तो ठराव मांडणारे गं. नी. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. आपल्या भाषणात बाबासाहेबांनी या सभेचं नातं थेट १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी जोडलं.

खटला मात्र चालत राहिला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. त्या तारखेला महाडमध्ये मंडप पडायला हवा. २०२७ हे सत्याग्रहाचं शताब्दी वर्ष. त्यानिमित्त नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव, तो रद्द करणारा १९२७ चा ठराव आणि हायकोर्टाचा निकाल असे तिन्ही कागद तळ्याकाठी शेजारी शेजारी कोरून लावावेत. रद्द केलेला ठरावही गाळू नये.