बोनेटखालच्या न दिसणाऱ्या कामाचे मोल

जुन्या मोटारी नव्याने सजवून घेण्याचा शौक वाढला आहे आणि त्यातून डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना, वायरिंगच्या कारागिरांना व जुन्या मिस्त्रींना बरे काम मिळू लागले आहे. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत 2023 च्या ऑक्टोबरअखेर संपली, तेव्हा त्या गाडीवर उमर घालवलेल्या मिस्त्रींचे काय होणार, अशी आम्हाला काळजी वाटली होती. आज त्यांच्यापैकी कित्येकजण शौकीन गिऱ्हाइकांच्या फियाटी उघडून बसलेले दिसतात. चांगली गोष्ट आहे. परंतु या धंद्यात एक खोट शिरली आहे. बोनेट उघडल्यावर जे चमकते त्याचे पैसे मोजले जातात. जे दिसत नाही त्याचे गिऱ्हाईक देत नाही आणि कारागीरही मागत नाही. मग ते काम होतच नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीच्या धंद्याशी आमचा संबंध गिऱ्हाइकापुरताच. तरीही लिहितो आहोत, कारण या प्रकरणात आमचे पैसे गेले आणि थोडक्यात गाडीही गेली असती.

आमच्या वडिलांची 1970 ची फियाट अकराशे घरी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बांधलेली, 1089 सीसीचे लहानसे इंजिन. ती आपल्या पसंतीप्रमाणे सजवून घ्यावी, असे मुलांच्या मनात आले. एका गॅरेजवाल्याने तीन आठवडे घेतले. गाडी परत आली तेव्हा बोनेटखाली आरसा! टॅपेट कव्हरवर क्रोम, आतल्या पत्र्याला बाहेरच्यासारखाच मलई रंग, रबरी नळ्यांवर चकचकीत जाळी. मोहल्ल्यातली माणसे बघायला आली. आम्हीही खूश होऊन पूर्ण पैसे दिले, एक रुपया कापला नाही.

आठ दिवसांनी सकाळी चोक ओढून सेल्फ मारला, तर इंजिन कण्हल्यासारखे जेमतेम फिरले. दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला आणि डॅशबोर्डखालून धूर! चोकची केबल हात लावू नये इतकी तापली होती.

ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. जन्मभर टॅक्सी दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी क्रोमकडे पाहिलेही नाही. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची जाड पट्टी कुठे कसली आहे, तेवढे शोधले. तिच्या खाली रंग होता. पत्र्यालाही रंग आणि इंजिनच्या कानालाही रंग! सेल्फ फार मोठा करंट ओढतो आणि तो करंट बॅटरीकडे परत जायला वाट मागतो. सडक बंद केली तर तो गल्लीत घुसतो, असे मिस्त्री म्हणाले. ती गल्ली म्हणजे चोकची बारीक केबल. त्यांनी दोन्हीकडे रुपयाएवढी जागा कानशीने घासून लख्ख केली, पट्टी आवळली, वरून ग्रीस लावले. दहा मिनिटे लागली असतील. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आम्ही मजुरी विचारली तर म्हणाले, एवढ्याचे काय घ्यायचे, चहा पाजा.

या 'एवढ्याचे काय घ्यायचे' या बोलण्यावरच आमचा आक्षेप आहे. पण त्याकडे नंतर येऊ, कारण मिस्त्रींनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. पेट्रोलच्या नळीवरची चकचकीत जाळी सरकवली. आत तीच जुनी नळी होती, तडे गेलेली, बोटाने दाबली तर मऊ. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि 2025 पर्यंत ते देशभर पसरले. जुन्या गाड्यांचे रबर या पेट्रोलसाठी बनलेले नाही. नळी फुगते, मऊ पडते, झिरपते. पेट्रोल पंपाच्या पडद्याचेही तेच. खाली तापलेले इंजिन आणि वर झिरपणारी नळी, तीही जाळीत लपवलेली! थान हातात आले की आम्ही कापडवाले आधी उलटी बाजू पाहतो. ती अक्कल आम्ही दुकानातच ठेवून गॅरेजमध्ये गेलो होतो.

पुढे गाडी त्याच मिस्त्रींच्या हाती दिली आणि वेळ मिळेल तेव्हा बाजूला बसून काम पाहिले. पहिले दोन दिवस त्यांनी कशालाही रंग लावला नाही. बॅटरीची अर्थची तार काढली, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली, मुलाकडून मोबाइलवर फोटो काढून घेतले. मग गळती. इंजिन आधी धुतले तर तेल कुठून येते याचा माग पुसला जातो. म्हणून ओल कुठे कुठे आहे ते लिहून घेतले. त्यानंतर रॉकेल व ब्रशने मळ काढून, पुसून, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरली आणि इंजिन चालवले. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ उमटली. गळती टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून होती. म्हणजे क्रोमचे कव्हर बसवणाऱ्याने जुनेच पॅकिंग परत लावले होते!

धुलाईही पाहण्यासारखी होती. इंजिन थंड होऊ दिले. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि डायनामोवर प्लास्टिक बांधले. पाण्याचा जोरदार फवारा मारू दिला नाही. बॅटरीखालच्या पत्र्याला तेजाबाने भोके पडली होती. तिथे खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतले, फेस थांबेपर्यंत. मग गंज खरवडून पत्र्याचा तुकडा जोडला. पहिल्या गॅरेजने त्याच गंजावर लांबी भरून मलई रंग मारला होता. रॉकेलचा तेलकटपणा थिनरने पुसल्याशिवाय नवा प्रायमर धरत नाही, हेही तिथेच कळले. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला उष्णता सोसणारा रंग. रेडिएटरला काळ्या रंगाचा पातळ हात, कारण जाड थर दिला की तो गरमी बाहेर पडू देत नाही. आमच्या मुलाने सुटे भाग वाळूच्या माऱ्याने साफ करायचे सुचवले, तेव्हा मिस्त्री चक्क रागावले. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत राहिला तर बेअरिंग खातो.

आता पैशांचे. मिस्त्रींचे बिल पाहिले तर रंगाची रक्कम मोठी आणि बाकी सगळ्यासाठी 'किरकोळ काम' अशी एक ओळ! आम्ही ते परत केले आणि नवे लिहायला सांगितले. अर्थच्या जागा साफ करणे, गळती शोधणे, नळ्या बदलणे, वायरिंगला फ्यूज व रिले घालणे, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम. त्यांना संकोच वाटला. म्हणाले, गिऱ्हाईक भांडेल. भांडू द्यावे. मुकाट्याने किरकोळ लिहिले तर गिऱ्हाइकाला त्या कामाची किंमत कधीच कळणार नाही आणि चमक विकणारा स्वस्तात काम पळवून नेईल. काढलेले जुने भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत आणि रंगाखाली जाण्याआधीच्या कामाचे फोटोही द्यावेत. हा तंटा मिटवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. गिऱ्हाइकांनाही आमचे सांगणे आहे की घासाघीस करायची तर क्रोमवर करा, नळीवर करू नका.

कायद्याचेही भान हवे. इंजिनवर ठोकलेला नंबर साफसफाईत घासला गेला किंवा रंगाखाली बुजला, तर आरटीओत उत्तर देताना नाकी नऊ येतात. मिस्त्रींनी तेवढ्या जागेला पॉलिश पेपर लागू दिला नाही. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार गाडीत चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत सांगितले आहे. इंजिनच बदलायचे तर आधी परवानगी लागते. उलट, पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी नोंदणी आहे. नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये ठरली. म्हणजे आपल्या पसंतीचा बदल करायचा तो परत फिरवता येईल असाच करावा, पत्र्याला नवी भोके पाडू नयेत.

मुलांना डायनामो काढून अल्टरनेटर हवा होता. दिव्यांचा उजेड खरोखरच सुधारला, हे कबूल करतो. क्रोमचे कव्हर तसेच ठेवले आहे, पण नव्या पॅकिंगवर. व्हीए नंबरसाठी अर्ज करायचा की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. तोवर जुना डायनामो तेल लावून, माळ्यावर कोऱ्या कापडात बांधून ठेवला आहे.